हयातीचा दाखला

शाळेतून सुटीवर गेलेल्या प्रत्येक कॅडेटसाठी घरी काही ना काही काम राखून ठेवलेलं असतं. आमच्या हाउसमधला एकजण घरी पोहोचला की दुसऱ्या दिवसापासून उसाला पाणी द्यायला जातो. एकाला मामाच्या दुकानात बसावं लागतं. माझ्या वाट्याला कॉम्प्युटर येतो. त्याचं काही बिघडलं की आई फोनवर म्हणते, "राहू दे, तू आल्यावर बघ." त्यामुळे मे महिन्यात रुसलेला प्रिंटर दिवाळीपर्यंत माझी वाट बघत बसतो.

गेल्या दिवाळीत वाट बघत होते आजोबा.

आम्ही दिल्लीत पालमजवळ भाड्याच्या घरात राहतो. बाबा फौजेत आहेत, सध्या फील्डमध्ये. घरात आई, धाकटी बहीण आणि गेल्या फेब्रुवारीपासून आजोबा. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये ते लाइनमन होते, म्हणजे टेलिफोनची केबल पाठीवर घेऊन डोंगरातून अंथरत जायची आणि तुटली की रात्री-अपरात्री जाऊन जोडायची. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तीस वर्षं शेती केली. दिल्लीला यायला ते तयारच नव्हते. ते आले ते पेन्शनमुळे.

पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर वर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की काम व्हायचं. 10 नोव्हेंबर 2014 पासून केंद्र सरकारनं 'जीवन प्रमाण' नावाची सोय सुरू केली. तीत आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर बोट ठेवायचं आणि दाखला आपोआप पेन्शन खात्याकडे जातो. त्याच्या आदल्या वर्षी आजोबा गावाहून एसटीनं तालुक्याला गेले, एका केंद्रावर रांगेत उभे राहिले आणि त्यांचं बोट यंत्रानं घेतलंच नाही. चार वेळा ठेवलं. तिथला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुमची बोटं चालत नाहीत. उद्या या." आजोबा उद्या गेले नाहीत, परवाही गेले नाहीत. डिसेंबरची पेन्शन आली नाही, जानेवारीची आली नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. किराणा उधारीवर चालला होता. शेजारच्या काकूंनी बाबांना फोन केला तेव्हा आम्हाला कळलं. बाबा रजा टाकून गेले, कागद पुरे केले, अडकलेले पैसे मिळाले आणि आजोबांना दिल्लीला घेऊन आले. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या माणसानं सरकारला आपण जिवंत आहोत हे सांगायला आपलंच बोट चालत नाही, त्यानं आणखी कुणाला काय सांगावं.

आता पुन्हा नोव्हेंबर आला होता.

गोवा एक्सप्रेसनं मी पहाटे निजामुद्दीनला उतरलो तेव्हाच डोळे चुरचुरायला लागले. नोव्हेंबरातल्या दिल्लीत सकाळी सूर्य दिसतो, पण त्याच्याकडे सरळ बघता येतं, इतका धूर असतो. आजोबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि डॉक्टरांनी धुरात, धुळीत बाहेर पडायला सक्त मनाई केली होती. म्हणजे बँक नको, केंद्र नको. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 पासून आहे, पण तिला डोळ्यांची उघडझाप दिसावी लागते आणि आजोबांच्या डोळ्यांवर तर काळा चश्मा. आई म्हणाली, पोस्टमनला घरी बोलावू, तो 70 रुपयांत करून देतो. आजोबा म्हणाले, "नको." परक्या माणसासमोर पुन्हा बोट ठेवायला ते तयार नव्हते. मग आईनं नेहरू प्लेसमधून बोटांचे ठसे घेणारं यंत्र विकत आणलं, साबणाच्या डबीएवढं, वर काच आणि मागं यूएसबीची वायर. त्याच दुकानातून तीन मीटरची एक्स्टेन्शन वायरही आणली, म्हणजे आजोबांना पलंगावरूनच बोट ठेवता येईल. आणि मला फोन केला, "तू आल्यावर बघ."

मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांचं काम. चहा व्हायच्या आत करतो, असं मी बोललोही.

एक्स्टेन्शन समोरच्या पोर्टमध्ये लावली, तिला यंत्र जोडलं. यंत्राचा दिवा लागला. कॉम्प्युटरनं 'टिंग' केलं, लगेच 'टुंग' केलं आणि कोपऱ्यात पाटी आली, 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. काढून लावलं. तीच पाटी. वायर उलटी घालून बघितली, अर्थात ती उलटी जातच नाही. (सुलटीसुद्धा पहिल्यांदा जात नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे.) मग मी सुरू झालो. कॉम्प्युटर बंद-चालू केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबीच्या सगळ्या नोंदी उडवल्या. ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. मागचा पोर्ट, पुढचा पोर्ट, पुन्हा मागचा. अँटिव्हायरस बंद केला. मध्येच एकदा यंत्र ओळखलं गेलं! मी ओरडलो, आजोबा पलंगावरून उठून बसले, आणि त्यांनी बोट पुढे करेपर्यंत 'टुंग'. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा आलं नाही, आणि वाईट म्हणजे मधल्या त्या एका मिनिटात ते कशामुळे आलं होतं हे मला सांगता येईना. मी एका वेळी पाच गोष्टी बदलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी निष्कर्ष काढला की यंत्रच खराब आहे. पालमहून मजेंटा लाइन पकडली, कालकाजी मंदिरला बदलून वायलेट लाइननं एक स्टेशन, नेहरू प्लेस. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांना सांगतो, मधल्या मोकळ्या चौकात चालताना दर दोन पावलांवर कुणीतरी कानाशी "लॅपटॉप? सॉफ्टवेअर? टोनर?" म्हणतो आणि कॉम्प्युटरचा असा एकही भाग नाही जो तिथं ढिगानं मिळत नाही. मी दुकान शोधलं, यंत्र काउंटरवर ठेवलं आणि शाळेत शिकवलेल्या स्वरात म्हणालो, "यह डिफेक्टिव्ह है." दुकानदारानं काही न बोलता ते आपल्या कॉम्प्युटरला लावलं, त्यावर आपला अंगठा ठेवला. पडद्यावर त्याचा अंगठा स्वच्छ उमटला. "बेटा, मशीन ठीक है. अपना कंप्यूटर देखो." मागं रांगेत दोघं होते. आजोबांना त्या केंद्रावर काय वाटलं असेल ते मला तिथं थोडंसं कळलं.

परतताना मेट्रोत स्वतःची समजूत घालायला मला एक गोष्ट आठवली. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी ती सांगितली होती. 20 एप्रिल 1998 ला शिकागोत हजारो लोकांसमोर बिल गेट्स विंडोज 98 दाखवत होते. यूएसबी किती सोपी आहे हे दाखवायला त्यांच्या सहकाऱ्यानं स्टेजवर एक स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन येऊन सगळं ठप्प झालं. लोक पोट धरून हसले. गेट्ससुद्धा हसले. मी त्या दिवशी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

घरी येऊन मी जाहीर केलं की आता विंडोजच नव्यानं टाकतो. आई म्हणाली, "त्यात सगळे फोटो आहेत." मी म्हणालो, "काढून ठेवतो." कुठं काढून ठेवणार, तर पेन ड्राइव्हवर. तो समोरच्या पोर्टला लावला, तर तोही येतोय-जातोय. मी टेबलावर हात आपटला.

आजोबा इतका वेळ काही बोलले नव्हते. काळ्या चश्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "लाइन कुठनं कुठवर हाय?"

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "यंत्रापासनं कॉम्प्युटरपर्यंत. मधी काय काय हाय ते सांग."

मी सांगितलं. यंत्र, त्याची स्वतःची वायर, एक्स्टेन्शन, पोर्ट, आतला बोर्ड, मग सॉफ्टवेअर.

"मग सगळ्यात शेवटचं टोक आधी का उपटतोस?"

मग त्यांनी फील्ड टेलिफोनची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकली आहे, पण बर्फ, अंधार आणि गोळीबार यांच्यासाठी. या वेळी पहिल्यांदाच कामासाठी ऐकली. तीन-चार मैलांची केबल, दोन टोकांना दोन टेलिफोन. मध्येच लाइन मेली तर लाइनमन सगळी केबल बदलत नाही. तो टेलिफोन खांद्याला अडकवून केबल हातात धरून चालत जातो. अंदाजानं मध्यावर पोहोचला की केबलला जोडतो आणि हँडल फिरवतो. मागच्या बाजूनं उत्तर आलं तर मागची लाइन चांगली, बिघाड पुढं आहे. मग उरलेल्याचा मध्य. असं करत करत तूट हातात येते. "आन् एक ध्यानात ठेव, मधी दुसरं कायबी हलवायचं न्हाय. न्हाय तर कशानं बोलली ते कळत न्हाय."

म्हणजे मी आदल्या दिवशी नेमकं काय केलं होतं ते त्यांनी पलंगावर बसून ओळखलं होतं.

इथं मला जे माहीत होतं ते सांगतो, कारण त्याचा पुढे उपयोग झाला. यूएसबी 1996 मध्ये आली. सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली. तिच्यावर काम करणाऱ्या इंटेलमधल्या अभियंत्यांपैकी एक अजय भट्ट हे बडोद्याचे, सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी माउसला एक भोक, प्रिंटरला दुसरं, मोडेमला तिसरं अशी परिस्थिती होती. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, 5 व्होल्ट. पांढरी आणि हिरवी बोलण्यासाठी. यंत्राचा दिवा लागतो तो लाल-काळीमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर मेसमध्ये जेवण मिळालं म्हणून हजेरी लागली असं होत नाही. हजेरी पांढऱ्या-हिरवीवर लागते.

ती लागते कशी, हे संत्री ड्यूटी केलेल्या कुणालाही लगेच समजेल. यंत्र लावलं की ते दोन बोलक्या तारांपैकी एक वर ओढतं. हा हात वर करणं झालं. वेगवान यंत्र हिरवी तार ओढतं, माउससारखं सावकाश यंत्र पांढरी. कॉम्प्युटरला कळतं, कुणीतरी आलंय. मग तो विचारतो, "थम! कौन आता है?" यंत्रानं आपलं वर्णन द्यायचं, बनवणाऱ्याचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक. कॉम्प्युटर त्याला 1 ते 127 मधला एक नंबर देतो, आपल्या कॅडेट नंबरासारखा, आणि मग त्याच्यासाठी योग्य ड्रायव्हर शोधतो. संत्र्यानं विचारलं आणि समोरून धड उत्तर आलं नाही तर तो आत सोडत नाही. तेच 'नॉट रेकग्नाइज्ड'. संत्र्याचा राग येण्यात अर्थ नाही. बाबांच्या युनिटात साधा पेन ड्राइव्ह आत नेता येत नाही आणि 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या अणुकेंद्रात पोहोचायला पेन ड्राइव्हचीच वाट होती असं मानतात.

तर आम्ही लाइन तपासायला घेतली. आजोबा पलंगावर, मी जमिनीवर, बहीण वही घेऊन. आजोबांनी तिला लॉगबुक लिहायला बसवलं होतं.

यंत्राचं टोक दुकानात तपासून झालं होतं. "ते एक काम तू बरोबर केलंस," आजोबा म्हणाले. मी गप्प बसलो, कारण ते काम मी तपासायला नाही, भांडायला केलं होतं.

मग पोर्ट. पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला सरळ लावला. आला आणि टिकला. समोरच्या पोर्टला लावला, येतोय-जातोय. समोरच्या पोर्टला माउस लावला, तो मात्र चालला. इथं मी अडलो. माउस चालतो म्हणजे पोर्ट चांगला, असंच मी कालपर्यंत धरून चाललो होतो. पण माउस वीज थोडी खातो आणि बोलतो हळू. थकलेल्या पोर्टला तेवढं झेपतं. डब्याच्या (आई त्याला सीपीयू म्हणते) पुढच्या तोंडावरचे पोर्ट आत एका बारीक वायरीनं बोर्डाला जोडलेले असतात, मागचे थेट बोर्डावर असतात. आमच्या डब्याची ती आतली वायर सैल झाली असावी, सहा वर्षांत बहिणीनं त्यात काय काय खुपसलंय ते मला माहीत आहे. समोरचा पोर्ट बाद. लॉगबुकात फुली.

आता यंत्र मागच्या पोर्टला, पण एक्स्टेन्शनमधून. पाटी आली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लिहिलं होतं, 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड'. म्हणजे हात वर झाला, प्रश्न विचारला गेला, उत्तर आलं नाही. मग त्याच एक्स्टेन्शनमधून माउस. माउसच्या पोटाखालचा लाल दिवा लागला, पण 'टिंग' सुद्धा नाही. कॉम्प्युटरला कुणी आल्याचंच कळलं नाही. दोन्ही यंत्रं, दोन वेगळे आजार, वायर एकच.

"एका लाइनला दोन तुटी," आजोबा म्हणाले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा ते हसले. एकच तूट असती तर मला ती चुकून तरी सापडली असती. मी एक्स्टेन्शन काढून यंत्र समोर लावायचो तेव्हा पोर्ट नडायचा, मागे लावताना एक्स्टेन्शन ठेवायचो तेव्हा वायर नडायची. दोन्ही एकाच वेळी बाजूला करणं मला सुचलंच नव्हतं. आणि ते एक मिनिट? वायर वाकली असेल तशी.

यंत्र त्याच्या स्वतःच्या वायरीनं मागच्या पोर्टला लावलं. 'टिंग'. मग काही नाही. 'टुंग' न येण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पुढचा ड्रायव्हर, नोंदणीचं सॉफ्टवेअर वगैरे अर्ध्या तासाचं काम होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त पलंग टेबलाकडे सरकवावा लागला, कारण वायर आता हातभरच होती.

मग आली खरी वेळ. आजोबांनी उजवा अंगठा ठेवला. पडद्यावर एक राखाडी डाग उमटला, त्यात एकही रेघ नाही. जुळलं नाही. पुन्हा. नाही. आजोबांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. त्यांचा चेहरा बदलला होता. मी तो हात धरला आणि उलटा करून पाहिला. इतक्या वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता. अंगठा आणि तर्जनी दगडासारखी गुळगुळीत, मध्ये चिरा. वीस वर्षं केबल ओढलेली, तीस वर्षं ऊस तोडलेला. ठसा उरणार कुठला?

"मधी दुसरं कायबी हलवायचं न्हाय," मी त्यांचंच वाक्य त्यांना म्हटलं. "यंत्र चांगलं आहे, लाइन चांगली आहे. आता एकेक बोट."

बहिणीनं लॉगबुकात दहा रकाने आखले. आईनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, कारण दिल्लीच्या थंडीत कोरड्या कातडीचा ठसा आणखी पुसट येतो. बोट बुडवायचं, टिपायचं, ठेवायचं. उजव्या हाताची पाचही गेली. डावा अंगठा गेला. डावी तर्जनी, मधलं बोट, फुली, फुली. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता." बहीण म्हणाली, "अजून दोन रकाने आहेत, आजोबा." डाव्या हाताची अनामिका ठेवली. केबल ओढताना आणि कोयता धरताना त्या बोटाला सगळ्यात कमी काम पडलं असणार. पडद्यावर रेघा उमटल्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या. हिरवी खूण आली. आईच्या मोबाइलवर मेसेज आला, त्यात प्रमाण क्रमांक होता.

कुणी काही बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, "कागद?" त्यांना हातात कागद हवा होता. प्रिंटर मे महिन्यापासून बंद. मी त्याची वायर समोरच्या पोर्टमधून उपटून मागं लावली आणि तो खरखरत सुरू झाला. सहा महिने त्याचा काही दोष नव्हता. आजोबांनी कागद चश्म्यासमोर धरून घडी घातली आणि बनियनच्या खिशात ठेवली. संरक्षण खात्याच्या पेन्शन व्यवस्थेचं नाव 'स्पर्श' आहे, हे त्यांनी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं असावं. म्हणाले, "नाव बरं ठेवलंय."

बाबांनी फोनवर एक गोष्ट बजावली. क्रमांक आला म्हणजे काम संपलं असं नाही, पेन्शन खात्यानं दाखला स्वीकारला का ते नंतर बघायचं. सुटी संपायच्या आदल्या दिवशी बघितलं. स्वीकारला होता.

डिसेंबरात एका रविवारी घरी फोन करायची माझी पाळी आली. पेन्शन जमा झाली होती, ते आईनं सांगितलं. मग आजोबा फोनवर आले. डोळा आता बरा होता. त्यांनी ती एक्स्टेन्शन वायर टाकू दिली नव्हती. ब्लेडनं ती उभी चिरून बघितली होती.

"पांढरी तुटली व्हती रं," ते म्हणाले. "प्लगपासनं चार बोटांवर."